एका ठिपक्याजवळ थांबून

थोडं थांबा.

हातातलं काम बाजूला राहू द्या. खांदे सैल सोडा. श्वास जसा चालला आहे तसाच चालू द्या, त्याला वळण लावू नका.

आता मनात पाण्याचा एक थेंब आणा. काचपट्टीवर ठेवलेला. त्याच्यावर दुसरी पातळ काच अलगद टेकवली आहे. थेंब पसरला आहे, पापुद्र्याइतका झाला आहे.

खालून उजेड येतो आहे. वर सूक्ष्मदर्शकाचं भिंग आहे. त्याच्या वर कॅमेरा.

समोरचा पडदा करडा आहे. कडेपासून कडेपर्यंत करडा.

त्या करड्या रंगात एक ठिपका आहे.

आज एवढंच बघायचं आहे. एक ठिपका.

त्याच्याकडे बघत राहा.

तो हलतो आहे. किंचित डावीकडे. पुन्हा उजवीकडे. खाली. परत वर. जागच्या जागी थरथरतो आहे, आणि तरी जागेवर राहत नाही.

हा ठिपका म्हणजे पॉलिस्टायरीनचा मणी आहे. त्याची जाडी एक मायक्रोमीटर. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यातला एक भाग. त्याला पाय नाहीत, शेपूट नाही, भूक नाही.

तरी तो हलतो आहे.

का, ते इतक्यात विचारू नका. नुसतं बघा.

एक सेकंद जाऊ द्या. त्या एका सेकंदात ठिपका, एकाच रेषेत मोजलं तर, साधारण स्वतःच्या जाडीइतका सरकलेला असतो. कधी कमी, कधी जास्त, पण सरासरी तेवढाच.

आता एक सावकाश श्वास घ्या. चार सेकंदांचा. चार सेकंदांत ठिपका चौपट लांब जाईल असं वाटतं. तो जातो दुप्पट.

असे चार श्वास घ्या. सोळा सेकंद. ठिपका चौपटच सरकलेला असतो.

शंभर सेकंद थांबलात, तर दहा पट.

तो गेलेल्या वाटेवरून माघारी येतो. पुन्हा जातो. पुन्हा येतो. खूप चालतो आणि थोडाच पुढे सरकतो. त्याला कुठे पोचायचं नाही.

तुम्हालाही आत्ता कुठे पोचायचं नाही.

बघत राहा.

1827 च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये रॉबर्ट ब्राऊन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ असाच बघत बसला होता. त्याच्या पाण्यात क्लार्किया पुल्चेला या रानफुलाचे परागकण होते, आणि त्या परागकणांच्या पोटातले बारीक कण. ते कण थरथरत होते.

त्याला आधी वाटलं, हा फुलाचा जीव आहे.

मग त्याने वाळलेल्या झाडांचे परागकण घेतले. तेही थरथरले. काचेची पूड घेतली. ती थरथरली. दगडाची पूड घेतली. इजिप्तच्या स्फिंक्सच्या मूर्तीचा एक कपचाही त्याने कुटून पाण्यात टाकला. हजारो वर्षं जागचा न हललेला तो दगड. त्याचेही कण थरथरले.

इथे जरा थांबू या. स्फिंक्सचा कण. पाण्यात. थरथरणारा.

मला ब्राऊनचं मोठेपण इथे दिसतं. मनाजोगतं उत्तर हाताशी असताना तो बघायचा थांबला नाही.

आता ठिपक्यावरून नजर थोडी बाजूला न्या. त्याच्याभोवतीच्या करड्या रंगाकडे बघा.

तिथे काहीच दिसत नाही. पण तिथे पाणी आहे. पाण्याचा एकेक रेणू, आपल्या ठिपक्याच्या तीन हजाराव्या हिश्श्याहूनही लहान. ते सगळे रेणू धावत आहेत. ठिपक्यावर सगळीकडून आदळत आहेत. डावीकडून जरा जास्त आदळले की ठिपका उजवीकडे सरकतो. पुढच्याच क्षणी पारडं दुसरीकडे झुकतं.

ठिपका हलत नाही. ठिपक्याला हलवलं जातं.

हे अल्बर्ट आइन्स्टाइनने 1905 मध्ये गणिताने मांडलं. श्वास मोजताना आपण जे पाहिलं, चार पट वेळ आणि दुप्पट अंतर, ते त्याच गणितातलं आहे.

आणि पॅरिसमध्ये झ्याँ पेराँ कणांकडे बघत बसला. दर 30 सेकंदांनी एका कणाची जागा चौकटीच्या कागदावर टिपायची. मग पुढच्या 30 सेकंदांनी. ठिपके रेषांनी जोडायचे. वेडीवाकडी, स्वतःला छेदत जाणारी वाट उमटायची. पेराँला ठाऊक होतं की त्यातली एकही सरळ रेषा खरी नाही. दर सेकंदाला जागा टिपली, तर प्रत्येक रेषेच्या जागी तीस तुकड्यांची आणखी एक वेडीवाकडी वाट निघेल. अणु-रेणू खरोखर असतात ही गोष्ट अशा मोजमापांनी पक्की झाली. 1926 चं भौतिकशास्त्राचं नोबेल पेराँला मिळालं.

डोळा, कागद, घड्याळ. तीस सेकंद. आणखी तीस सेकंद.

त्या खोलीतली शांतता ऐका.

आता ठिपक्याच्या जवळ जाऊ या.

आणखी जवळ. पडद्यावरचं चित्र मोठं होऊ द्या. ठिपक्याची गोल कड विरघळते. त्याच्या जागी चौकोन दिसू लागतात. दहा-बारा आडवे, दहा-बारा उभे. मधले उजळ, कडेचे फिके, त्यापलीकडचे करडे. प्रत्येक चौकोन म्हणजे एक आकडा, तिथे किती उजेड पोचला त्याचा.

बघा, चौकोन स्थिर नाहीत. पुढच्या चित्रात तेच आकडे जरासे बदलतात. उजेड स्वतःच थोडा लुकलुकतो. कॅमेऱ्याचीही स्वतःची कुरकुर असते.

यात ठिपक्याचा मध्य कुठे आहे?

घाई करू नका. बोट ठेवा. तिथे? की अर्धा चौकोन अलीकडे?

हाच प्रश्न, सेकंदाला कित्येक चित्रं, चित्रात शेकडो ठिपके, असा संशोधकासमोर येतो. 1996 मध्ये जॉन क्रॉकर आणि डेव्हिड ग्रियर यांनी त्यासाठी एक रीत दिली. सर्वांत उजळ चौकोन शोधायचा, आजूबाजूच्या उजेडाचा तोल साधणारा बिंदू काढायचा, तोच मध्य. वर्षानुवर्षं ती रीत चालत आली. ठिपके सुटे असले, उजेड सारखा असला, की ती उत्तम चालते. ठिपके एकमेकांना खेटले, उजेड एका कोपऱ्यात मंद झाला, की ती चाचपडते. मग माणूस बसून आकडे जुळवत राहतो.

आणि मग न्यूरल नेटवर्क येतं. उदाहरणांतून शिकणारी गणिताची जाळी.

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठात जोव्हानी व्होल्पे यांच्या गटाने 2019 मध्ये अशा जाळीला ठिपके बघायला शिकवलं. शिकवण्यासाठी त्यांनी चित्रं संगणकातच तयार केली. अंधूक ठिपके, गोंगाटात बुडालेले ठिपके, अर्ध्या उजेडातले ठिपके. कुठल्याच पाण्यात कधीही नसलेले. चित्र आपणच काढलेलं, म्हणून मध्य कुठे आहे ते नेमकं ठाऊक. जाळी अंदाज करायची, चुकायची, सुधारायची.

पण मी तुम्हाला थांबवणार आहे ते त्यांच्या 2022 च्या कामापाशी.

तिथे एकच चित्र आहे. एका ठिपक्याचं.

मध्य कुठे आहे, ते कुणीही सांगितलेलं नाही. खूण नाही, बाण नाही, उत्तर नाही.

ते चित्र समोर धरा.

आता ते तीन चौकोन उजवीकडे सरकवा. ठिपका कुठे आहे, तुम्हाला ठाऊक नाही. पण एवढं ठाऊक आहे, की तो जिथे होता तिथून तीन चौकोन उजवीकडे गेला.

सावकाश. पुन्हा एकदा. जागा ठाऊक नाही, पण जागेत पडलेला फरक ठाऊक आहे.

आता चित्र फिरवा. ठिपका त्याच्याबरोबर फिरला. चित्र उलटं करा, आरशात दिसावं तसं. ठिपकाही उलटला.

जाळीला एवढीच अट घातली जाते. चित्र जसं सरकेल, तसंच तुझं उत्तर सरकलं पाहिजे. चित्र जसं फिरेल, तसंच तुझं उत्तर फिरलं पाहिजे. तेच एक चित्र पुन्हा पुन्हा सरकवून, फिरवून, उलटून तिच्यासमोर येतं. तिची उत्तरं आधी विसंगत असतात. हळूहळू ती एकमेकांशी जुळू लागतात. आणि जुळता जुळता ठिपक्यापाशी येऊन ठेपतात, एका चौकोनाच्याही आतल्या नेमकेपणाने.

एकच ठिपका. पुन्हा पुन्हा पाहिलेला. दर वेळी थोड्या वेगळ्या बाजूने.

जाळीला यात काही जाणवतं असं मी म्हणणार नाही. ती आकडे जुळवते. पण जिला ही युक्ती सुचते ती नजर माणसाची आहे, आणि ती फार शांत नजर असली पाहिजे असं मला वाटतं. हजार चित्रं गोळा करायला धावण्याआधी कुणीतरी एका चित्रापाशी थांबलं, आणि त्यात आधीच काय काय आहे ते पाहिलं.

तुम्हीही थांबा. एक श्वास.

आता पडद्यावर दुसरा ठिपका आणू या.

हा वेगळा आहे. याची एक बाजू प्लॅटिनमने मढवली आहे. अष्टमीच्या चंद्रासारखा तो अर्धा उजळ, अर्धा काळा. ज्या पाण्यात तो आहे, त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळलं आहे. प्लॅटिनमच्या बाजूला पेरॉक्साइड फुटतं, पाणी आणि प्राणवायू होतात. एका बाजूला रसायन बदलतं, दुसऱ्या बाजूला नाही.

बघा.

तोही थरथरतो. पाणी त्यालाही ढकलतं. पण थरथरता थरथरता तो एका दिशेला निघाला आहे.

काही सेकंद तो तसा जातो. मग पाण्याचे धक्के त्याला हळूहळू वळवतात, तोंड फिरतं, आणि तो दुसरीकडे निघतो. खूप वेळ बघितलं तर हीसुद्धा वेडीवाकडीच वाट. फक्त पहिल्यापेक्षा ऐसपैस.

इंग्लंडमध्ये शेफील्डच्या संशोधकांनी 2007 मध्ये हे काळजीपूर्वक मोजलं. अगदी थोडा वेळ बघितलं, तर त्याची चाल दिसते. जास्त वेळ बघितलं, तर भटकंती दिसते. ठिपका तोच.

दोन्ही ठिपके शेजारी शेजारी ठेवा. एकाला हलवलं जातं. दुसरा हलवलाही जातो आणि हलतोही.

दोघांकडे आळीपाळीने बघा. कोणता कोणता, ते ओळखू येतं का?

एका क्षणात नाही येत. एका चित्रात तर मुळीच नाही. त्यासाठी वाट बघावी लागते, ठिपक्याची वाट लांब होऊ द्यावी लागते.

आसपासची ऊर्जा घेऊन स्वतः चालणाऱ्या कणांचा असा समुदाय म्हणजे सक्रिय द्रव्य. पोहणारे जिवाणू. पेशीच्या आतली यंत्रणा. माशांचे थवे, पक्ष्यांचे थवे. या साऱ्यांचं एक भौतिकशास्त्र मांडणाऱ्यांत बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले श्रीराम रामस्वामी आघाडीवर आहेत. हे शास्त्र अगदी साध्या ठिकाणी सुरू होतं. हा ठिपका स्वतः चालतो आहे, की त्याला ढकललं जातं आहे?

हा प्रश्न क्षणभर स्वतःपाशी राहू द्या. उत्तर नको.

आता एक जिवाणू. ई. कोलाय. लांबी दोन मायक्रोमीटर. मागे नागमोडी धाग्यांची जुडी, ती फिरते आणि जिवाणू पोहतो. सेकंदभर सरळ. मग धागे उलगडतात, तो जागीच गडबडतो, सेकंदाचा दहावा भाग. मग नवी दिशा. पुन्हा सेकंदभर सरळ.

हॉवर्ड बर्ग यांनी हे पोहणं बघण्यासाठी स्वतः पाठलाग करणारा सूक्ष्मदर्शक बांधला होता. जिवाणू जिकडे जाई तिकडे पाण्याची कुपीच सरके, आणि जिवाणू नजरेच्या मध्यभागी राही. 1972 मध्ये त्यांनी ती निरीक्षणं प्रसिद्ध केली. एका वेळी एकच जिवाणू.

पोहणाऱ्या जिवाणूने धागे फिरवायचे थांबवले तर काय होईल?

बघा. थांबला.

तो पुढे घरंगळत नाही. पाण्याचा चिकटपणा त्याच्या आकाराला इतका भारी आहे, की एका अणूच्या जाडीपेक्षाही कमी अंतरात त्याचा वेग संपतो. एडवर्ड पर्सेल यांनी 1977 मध्ये हा हिशेब करून दाखवला. त्याच्या जगात आधीचा वेग साठून राहत नाही. या क्षणी तो जे करतो, तेवढंच त्याचं चालणं.

श्वास बाहेर सोडा. त्याच्या शेवटी जी छोटी उसंत असते, तिथे थांबा.

आणि आता समुद्राचं पाणी.

या थेंबात प्लवक आहेत, डोळ्यांना न दिसणारे समुद्रातले जीव. पृथ्वीवर होणाऱ्या प्रकाशसंश्लेषणातला जवळपास निम्मा वाटा अशा इवल्या वनस्पती-प्लवकांचा आहे.

यावेळी आपण त्यांना सरळ बघत नाही. खालून एकसारखा लेसरचा प्रकाश सोडला आहे. जीवाला स्पर्शून आलेला प्रकाश आणि न अडता आलेला प्रकाश कॅमेऱ्यावर एकमेकांत मिसळतात. पडद्यावर जीव दिसत नाही. वलयं दिसतात. एकात एक, एकात एक.

वलयांकडे बघा.

ती पसरट झाली, तर जीव खोल गेला. दाटली, तर वर आला. त्यांच्या गडद-फिकेपणात आणखी एक गोष्ट लपलेली आहे. त्या जीवाचं शुष्क वजन, म्हणजे पाणी वगळून उरलेलं त्याचं द्रव्य. ते पिकोग्रॅममध्ये मोजतात. एका ग्रॅमचे दहा हजार कोटी भाग केले, आणि त्यातल्या एकाचे पुन्हा दहा भाग केले, तर तो एक पिकोग्रॅम.

माणसाच्या डोळ्याला वलयांतून हे वाचता येत नाही. न्यूरल नेटवर्कला वाचता येतं. गोथेनबर्गच्याच संशोधकांनी 2022 मध्ये ते करून दाखवलं. जीवाला न छेडता, न रंगवता, न मारता. तो पोहत असताना त्याचं वजन.

एक शिकारी प्लवक आहे, ऑक्सिऱ्हिस मरिना. त्याच्या जवळ ड्युनालिएला नावाचं हिरवं शैवाल पोहतं आहे.

दोन वलयं.

जवळ येतात.

आणखी जवळ.

एक वलय उरतं. आणि त्याचं वजन वाढलेलं असतं.

एवढंच. समुद्राच्या थेंबात एक घास खाल्ला गेला, आणि तो मोजला गेला.

आता एक डायटम. काचेसारखं कवच असलेला. त्याच्या वजनाच्या आलेखाची रेघ बघा. तास जातात. वजन सावकाश चढतं. प्रकाश खाऊन तो भरतो आहे. मग एका ठिकाणी रेघ दुभंगते. दोन रेघा, प्रत्येकी साधारण निम्म्या उंचीवर. एकाचे दोन झाले.

त्या दुभंगापाशी थोडा वेळ थांबा. मला या साऱ्या संशोधनातलं हे सगळ्यांत सुंदर वाटतं. आजवर प्लवक बहुतेक वेळा बादलीच्या, लिटरच्या सरासरीत मोजले जात. इथे एका जीवाचा एक दिवस कळतो. त्याने केव्हा खाल्लं, किती भरला, केव्हा दोन झाला.

यंत्राने एवढं बघितलं, मग आपण कशाला बघायचं, असं कुणी विचारतं. मला तसं वाटत नाही. ज्या तऱ्हेची चित्रं दाखवून जाळी घडवली, त्याहून निराळं काही समोर आलं, तर ती तितक्याच ठामपणे चुकीचं उत्तर देऊ शकते. ती अडखळत नाही. म्हणून चांगला संशोधक आकडे हाती आल्यावर पुन्हा मूळ चित्रांकडे जातो. एकेक चित्र उघडतो. जाळीची खूण खरंच जीवावर बसली आहे, की काचेवरच्या धुळीवर, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. पेराँला दर तीस सेकंदांनी जी टिपणी करावी लागली, ती आता यंत्र करतं. बघायला वेळ उरतो. तो वेळ खरोखर बघण्यात जावा, एवढीच माझी इच्छा आहे.

आता पडदा मनातून जाऊ द्या. खांदे पुन्हा एकदा सैल करा.

आणि एक विनंती. तुमच्या ओळखीच्या एखाद्या शाळेत कपाटात सूक्ष्मदर्शक असेल. तो काढायला सांगा. दुधाच्या एका थेंबात भरपूर पाणी घाला. त्यातला एक थेंब काचपट्टीवर ठेवा, वर पातळ काच ठेवा, काचेच्या कडा व्हॅसलिनने बंद करा. चारशे पट मोठं दाखवणारं भिंग लावा. सुरुवातीला सगळं एका बाजूला वाहताना दिसेल. तो नुसता प्रवाह असतो, काही मिनिटांत निवतो. मग स्निग्धाचे बारीक गोळे थरथरताना दिसतील. मुलांना रांगेत घाई करू देऊ नका, प्रत्येकाला निदान दोन मिनिटं द्या. आणि त्यातल्या कुणी विचारलं, हे जिवंत आहे का, तर लगेच उत्तर देऊ नका. काचेची पूड कुठे मिळेल, ते सांगा.